घरचा तांदूळ कुणाच्या खात्यावर?

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाताना हिंडलगा मागे पडतं आणि शिनोळीला महाराष्ट्राची हद्द यायच्या आत उजव्या-डाव्या हाताला तांबड्या मातीचे माळ लागतात. त्यातल्या एका माळाच्या तोंडाशी एका शेतकरी कुटुंबाचं शेतमालाचं दुकान आणि त्याला लागून हॉटेल आहे. हॉटेल सुरू होऊन दोन वर्षं झाली तेव्हा त्याच्या वहीत बरा नफा दिसत होता. त्याच महिन्यात थोरला भाऊ खताची उधारी आणखी महिनाभर थांबवा म्हणून दुकानदाराकडे चकरा मारत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एकाच घरातल्या होत्या. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यामुळे.

माझा संबंध हिशेब बघण्यापुरता. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नाव आणि नेमकं गाव टाळलं आहे; घरातले आकडे समजायला सोपे जावेत इतके गोल केले आहेत. थोरल्याला घरात सगळे अण्णा म्हणतात, त्याच्या बायकोला वैनी. इथंही तसंच म्हणू.

जमीन आणि माणसं

जमीन सात एकर. ओढ्याच्या अंगाला तीन एकर भात, वर अडीच एकर माळावर रताळी आणि बटाटा, उरलेल्या उतारावर काजू आणि थोडे आंबे. भात मुख्यतः इंद्रायणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेलं हे वाण या भागात इतकं रुजलंय की तरुण पोरांना ते इथलंच वाटतं. बेळगावी बासमती वडिलांच्या काळात असायची. उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उतारा कमी, म्हणून ती मागे पडत गेली.

माळावरची रताळी हे रोख पैशाचं पीक. पावसाच्या सुरुवातीला वेल लावायचे आणि नवरात्राच्या तोंडावर काढायला लागायचं. बेळगावच्या एपीएमसीतून, म्हणजे बाजार समितीतून, हा माल उपासाच्या मागणीवर उत्तरेकडे जातो. आठवड्याभरात आवक वाढली की दर कोसळतो, त्यामुळे आठ दिवस आधी काढणारा आणि आठ दिवस उशिरा काढणारा यांच्या हाती पडणाऱ्या पैशात मोठं अंतर असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अण्णा शेती बघायचा. धाकटा गोव्यात हॉटेलांच्या स्वयंपाकघरात बारा-पंधरा वर्षं काढलेला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी आला तो राहिलाच. वडील नव्हते. आई, वैनी, धाकटी जाऊ. आणि एक बहीण, हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यात दिलेली.

सुरुवात झाली ती दुकानाची. रताळ्याचा दर पडलेल्या एका हंगामात वैनीने पोती बाजारात पाठवण्याऐवजी रस्त्याकडेला ताडपत्री टाकून किलोवर विकली. तिलारीकडे, आंबोलीकडे फिरायला जाणाऱ्या बेळगावच्या गाड्या थांबायला लागल्या. मग घरचा तांदूळ आला, बहिणीकडचे काजू आले, पत्र्याचं शेड उभं राहिलं. लोक विचारायला लागले, “इथं जेवायला काही मिळतं का?” धाकट्याला एवढंच हवं होतं.

कागदांचा भाग

हा भाग बहुतेक लोक शेवटी बघतात. या कुटुंबानेही तेच केलं, म्हणून थोडं सविस्तर.

आपल्याच शेतात आपण घर, गोठा, माल ठेवायला खोली बांधू शकतो. पण तिथं गिऱ्हाईक बसवून जेवू घालायचं तर ती जमीन शेतीची राहत नाही. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या ९५ व्या कलमाखाली ती बिगरशेती करून घ्यावी लागते. धाकट्याचा सुरुवातीचा बेत ‘फार्म हाऊस म्हणून बांधू, मग बघू’ असा होता. तो सोडून देऊन रस्त्यालगतचे दहा गुंठे रीतसर बिगरशेती करायचं ठरलं, आणि तिथंच पहिली गाठ बसली. उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव. वारसा लावायचा तर बहिणीचं नाव येणार. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच, लग्न होऊन ती महाराष्ट्रात गेली काय आणि शेजारच्या गल्लीत गेली काय. बहिणीने सही केली, पण सही करताना विचारलं, “हॉटेल कुणाच्या नावावर होणार?” त्या वेळी सगळे हसले. तिचा प्रश्न तेवढा बरोबर होता.

वीज वेगळी. शेतीपंपाला १० एचपीपर्यंत कर्नाटकात वीज मोफत आहे, पण त्या पंपाचं पाणी हॉटेलच्या टाकीत चढवलं तर हेस्कॉम या वीज कंपनीचा माणूस बरोबर त्याच दिवशी येतो. त्यामुळे व्यापारी मीटर घ्यावा लागला. अन्नसुरक्षेच्या नोंदणीला वेळ लागला नाही. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा २०२४ चा नियम. वर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली मराठी अशी पाटी रंगवली आणि विषय संपला. आपल्या भागात पाटीवरून जेवढं बोललं जातं तेवढं जेवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात नसतं. त्याला गाडी सावलीत लागते का ते बघायचं असतं. हद्दीचा खरा फटका वेगळ्या वेळी बसतो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादावरून वातावरण तापलं आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या, तसे दिवस आले की चंदगडकडचं गिऱ्हाईक बंद होतं. वर्षातले असे थोडे दिवस या रस्त्यावरच्या प्रत्येक धंदेवाल्याने धरूनच चालायचे.

पैसा कुठून आणला, हे जास्त महत्त्वाचं. कृषी पत्तीनकडून, म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेकडून, मिळणारं पीककर्ज बिनव्याजी, पण ते पिकासाठी. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली आलेल्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान होतं, दहा लाखांच्या मर्यादेत. पण ते प्रक्रियेला, हॉटेलच्या टेबल-खुर्च्यांना नाही. रताळ्याच्या चिप्सचं युनिट दाखवून ते पैसे मिळवू, असं कुणीतरी सुचवलं होतं. आईने मोडता घातला ते बरं झालं. शेवटी धाकट्याने एका सौहार्द सहकारी पतसंस्थेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढलं, शेकडा तेराच्या आसपास व्याजाने. जमीन सगळ्यांची आणि कर्ज एकाचं, असा संसार उभा राहिला.

धाकट्याची वही

हॉटेल चाललं. यात शंका नाही. रविवारी पार्किंगला जागा नसायची. बेळगावच्या टिळकवाडी, शहापूर, कॅम्पातली कुटुंबं, पावसाळ्यात फिरायला निघालेली पोरं, वाटेत थांबणारे गोव्याचे लोक. एक अंदाज मात्र चुकला. मंगळवारी-शुक्रवारी उचगावच्या मळेकरणी देवीला जाणारी गर्दी इकडे वळेल असं धाकट्याने धरलं होतं. देवीला आलेली माणसं जेवणखाणाची सोय आपली आपण करून येतात आणि तिकडूनच परततात. ती गर्दी रस्त्यावर दिसली तरी गल्ल्यात दिसली नाही.

धाकट्याची वही नीटनेटकी होती. रोजची विक्री एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला. किराणा, तेल, गॅस, मटण, आचाऱ्याचा आणि पोरांचा पगार, वीजबिल, कर्जाचा हप्ता. एक पैसा लपवलेला नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा प्रकरणात लोक लगेच कुणाची तरी लबाडी शोधतात. इथं लबाडी नव्हती. खर्चाच्या बाजूला फक्त तेच होतं ज्याला खिशातून रोख पैसे गेले. शेतातून आलेला तांदूळ, मसूर, वांगी, पालेभाजी, म्हशीचं ताक वहीत कुठंच नव्हतं. सकाळी पाच ते दुपारी चार भाकऱ्या थापणारी वैनी आणि संध्याकाळची भांडी आवरेपर्यंत उभी असलेली धाकटी जाऊ, त्याही नव्हत्या.

मी विचारलं तर धाकटा खरंच गोंधळला. “घरचंच हाय की. त्याला कसला पैसा?”

अण्णा शेजारीच बसला होता. काही बोलला नाही. नंतर गोठ्याकडे जाताना म्हणाला, “घरचं म्हणजे कुणाचं, ते इचारा की त्याला.”

एका थाळीचा हिशेब

मग आम्ही एकच थाळी घेतली, साधी शाकाहारी, १२० रुपयांची. दोन भाकऱ्या, भरलं वांगं किंवा पालेभाजी, मसुराची आमटी, भात, ताक, चटणी. ‘शेतातून थेट ताटात’ असं बाहेर लिहिलेलं. तर आधी हे बघितलं की ताटात शेतातलं किती आहे. भाकरीची ज्वारी आपल्या पावसाळी पट्ट्यात होत नाही, ती बैलहोंगल-सौंदत्तीकडची विकतची. तेल विकतचं, शेंगदाणे विकतचे, मसाला बराचसा विकतचा. विकतच्या वस्तू एका थाळीमागे ३१ रुपयांच्या. गॅस ६. पगार २२. वीज, हप्ता, मोडतोड मिळून १७. बेरीज ७६. धाकट्याच्या वहीप्रमाणे थाळीमागे ४४ रुपये सुटत होते आणि त्या जोरावर तो दुसऱ्या हॉलचा विचार करत होता.

आता शेतातून आलेल्या वस्तूंना त्या दिवशी बाजारात जो दर मिळाला असता तो लावला. २७ रुपये. ४४ चे १७ झाले. मग दोघी जावांच्या जागी दोन बायका पगाराने ठेवल्या असत्या तर किती द्यावे लागले असते, ते थाळ्यांवर वाटलं. २० रुपये. म्हणजे प्रत्येक थाळीमागे हॉटेल तीन रुपये घालवत होतं, आणि ते तीन रुपये अण्णाच्या शेतातून आणि दोन बायकांच्या कमरेतून येत होते.

तांदळाचं एक वेगळंच होतं. इंद्रायणीचा भात मऊ आणि चिकट. घरी चुलीवरून उतरवून ताटात वाढला तर त्याच्यासारखा भात नाही. पण हॉटेलात तो मोठ्या पातेल्यात करून तासन्‌तास झाकून ठेवला की त्याचा गोळा होतो. गिऱ्हाईक ताटात भात तसाच टाकून उठायचं. आचाऱ्याने हे धाकट्याला दोनदा सांगितलं होतं. पण घरचा तांदूळ फुकट असताना विकतचा कोलम कोण आणणार? फुकट धरलेल्या वस्तूची नासाडीही फुकटच वाटते.

तोच तांदूळ शेजारच्या दुकानात किलोला ६५ रुपयांनी जात होता. त्याची किंमत अगदी खालून धरू. २०२४-२५ साठी साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. गिरणीतून शंभर किलो भाताचे साधारण बासष्ट किलो तांदूळ येतात असं धरलं तर किलोला ३७ रुपये पडतात. भरडाई, पिशवी, माणसाचा वेळ धरून आणखी सहा. म्हणजे दुकानात विकलेल्या किलोमागे २२ रुपये सुटत होते, आधारभूत किमतीचा भाव शेताला पोचवून झाल्यावर. शिवाय तांदूळ नासत नाही, रविवारी संपला नाही तर सोमवारी जातो. दुकानाकडे मात्र घरात कुणाचं लक्ष नव्हतं. ते ‘वैनीचं बाजूचं काम’ होतं. हॉटेलची वही होती, शेतीची अण्णाच्या डोक्यात होती, आणि दुकानाचे पैसे एका स्टीलच्या डब्यात पडायचे. त्यातून किराणा, शाळेची फी, पाहुण्यांचा आहेर.

जुलै आणि ऑक्टोबर

तीन रुपयांचा तोटा एवढ्यावरच हे थांबलं असतं तर दर वाढवून सुटलं असतं. खरं नुकसान वहीबाहेर, कॅलेंडरात होतं.

आपल्याकडे फिरणाऱ्यांचा हंगाम म्हणजे पावसाळा. जुलैत धबधबे सुरू होतात, रविवारी रस्ता वाहतो. आणि जुलैतच रोप लावणी. चिखलात रोप लावायला वैनी उतरायची तेव्हा तिच्याबरोबर शेजारपाजारच्या आठ-दहा बायका उतरायच्या, आज तुमच्यात, उद्या आमच्यात. वैनी भाकरीच्या तव्यासमोर अडकली तसा हा पैरा मोडला. आपण कुणाकडे जात नाही तर आपल्याकडे कोण येणार? रोजाने बायका आणाव्या लागल्या. त्यांची हजेरी अण्णाने दिली आणि ती शेतीच्या खर्चात गेली. हॉटेलमुळे झालेला खर्च शेतीच्या नावावर, आणि मग “शेतीत काय राहिलंय?” हे वाक्य धाकट्याच्या तोंडी.

ऑक्टोबरमध्ये तर दुहेरी. नवरात्र ते दिवाळी ही सुट्टीची गर्दी, आणि तेच रताळी काढायचे दिवस. दुसऱ्या वर्षी माळ पंधरा दिवस उशिरा निघाला. नवरात्राचा दर गेला. त्यात पाऊस उघडून माती तडकली, भेगांतून भुंगा आत गेला, आणि काढलेल्या मालातला बराच किडका निघाला. किडका माल एपीएमसीत जाईना, तो हॉटेलच्या भाजीत आणि रताळ्याच्या किसात गेला, अर्थात फुकट. धाकट्याच्या वहीत त्या महिन्याचा नफा सगळ्यात जास्त होता.

श्रावणात उलटं. मटण बंद, हॉटेल ओस, आचाऱ्याचा पगार चालू. त्या दिवसांत शेतातही भांगलणी सोडली तर उसंत असते. पण तेव्हा जावा बसून राहत होत्या कारण हॉटेल ‘उघडं ठेवायला पाहिजे’.

चिठ्ठी

बसून बोलायला आईने बोलावलं. बहीणही आली. मी तीनच गोष्टी मांडल्या आणि त्यातली एक त्यांनी उडवून लावली, ती पुढे येईल.

ठरलं ते असं. शेतातून हॉटेलात किंवा दुकानात जे जाईल त्याला चिठ्ठी. वजन, तारीख, दर. दर त्या दिवसाचा एपीएमसीचा. यावर वाद झाला तो चांगला वाद होता. धाकट्याचं म्हणणं, “बाजारात न्यायचं भाडं, हमाली, तोलाई अण्णाची वाचते. मग मला बाजारदराने का?” बरोबर होतं. वाचलेला खर्च दोघांत निम्मा करायचं ठरलं. त्याहून महत्त्वाचं कलम अण्णाने घातलं: शेताने हॉटेलला माल द्यायलाच पाहिजे असं नाही, आणि हॉटेलने शेताचा माल घ्यायलाच पाहिजे असंही नाही. नवरात्रात पहिल्या प्रतीची रताळी बाजारात जाणार, हॉटेलला हवी तर त्याच दराने घ्यावीत. हॉटेलला मोकळा भात हवा तर त्याने कोलम विकत आणावा. पहिल्याच आठवड्यात आचाऱ्याने कोलम आणला. इंद्रायणी आता वेगळी, सांगितल्यावर थोडी थोडी शिजवून तुपाबरोबर देतात, आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. ताटात भात राहायचा थांबला.

बाजारदराने चिठ्ठी करण्याचा करातही उपयोग आहे. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, हॉटेलचं नाही. आपल्याच शेतातला माल आपल्या धंद्यात वापरला तर त्याची बाजारातली किंमत धंद्याचा खर्च म्हणून वजा होते. या घराने ती कधी धरलीच नव्हती. नसलेल्या नफ्यावर कर भरायची पाळी येत होती. जीएसटीचंही बघून ठेवायला हवं होतं. नुसता माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे, पण त्याच नावावर हॉटेल आलं की २० लाख. आणि तांदूळ सुटा विकला तर कर नाही, २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीत भरला की नोंदणी असलेल्याला ५ टक्के. दुकान वैनीच्या नावावर आणि हॉटेल धाकट्याच्या नावावर वेगळं ठेवलं, ते खरोखर वेगळं चालतं म्हणून. कागदावर वेगळं आणि गल्ला एक, असलं करायला मी सांगणार नाही.

दुसरी गोष्ट जावांचा पगार. महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकीच्या स्वतःच्या बँक खात्यात. यावर अण्णा आणि धाकटा पहिल्यांदा एक झाले, विरोधात. “घरच्या बायकांना पगार? लोक काय म्हणतील?” वैनी तोवर गप्प होती. ती म्हणाली, “भावजी, लोकांना सांगू नका. खात्यात तेवढे टाका.” बहीण जोरात हसली आणि विषय मंजूर झाला.

नव्या पद्धतीने पहिल्या महिन्याचा हिशेब झाला तेव्हा धाकटा हादरला. “एका रात्रीत माझं हॉटेल तोट्यात गेलं की!” हॉटेल काल होतं तिथंच होतं. पण त्याच्या जागी बसून बघितलं तर राग समजतो. गोव्यातली नोकरी सोडून, स्वतःच्या नावावर कर्ज घेऊन त्याने हे उभं केलं, आणि आता वही त्याला सांगत होती की चाललं ते दुसऱ्यांच्या जिवावर. माणूस एवढं ऐकून उठून गेला नाही, हे मी त्याच्या खात्यावर जमा धरतो.

थाळी १५० ची केली. गिऱ्हाईक थोडं कमी झालं, तुटलं नाही. हॉटेल शुक्रवार ते रविवार आणि सणासुदीच्या सुट्टीलाच उघडं ठेवायचं ठरलं. आचारी तीन दिवसांच्या बोलीवर राहिला, बाकी दिवस तो बेळगावात लग्नकार्याची कामं घेतो. मटण आदल्या दिवशी सांगणाऱ्यालाच. लावणीच्या पंधरवड्यात फक्त रविवार, तोही भाकऱ्या बाहेरच्या बाईकडून घेऊन. वैनी चिखलात परत उतरली, तशा पुढच्या हंगामात चार बायका पैऱ्याला आल्या. सगळ्या आल्या नाहीत. मोडलेलं इतक्या लवकर जुळत नाही.

दुकान रोज उघडं. ते आता वैनीचं, वहीसकट.

दुकान कुणामुळे चालतं?

धाकट्याने एक मुद्दा काढला आणि त्याला उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला. तो म्हणाला, दुकानाला किलोमागे २२ रुपये सुटतात ते माझ्यामुळे. लोक जेवायला थांबतात म्हणून तांदूळ घेतात. मग माझं हॉटेल तोट्यात आणि दुकान फायद्यात, हा कुठला न्याय?

हे खोटं नव्हतं. हॉटेल बंद असलेल्या दिवसांचा दुकानाचा धंदा वेगळा लिहून काढला. मंगळवार-बुधवारी विक्री रविवारच्या तिसऱ्या हिश्श्यावर येत होती. पण त्या विक्रीत तांदूळ जास्त होता, दहा-दहा किलोने, आणि घेणारे बहुतेक पुन्हा पुन्हा येणारे. रविवारी गर्दी मोठी आणि खरेदी छोटी: अर्धा किलो काजू, कणसं, रताळ्याची पिशवी. म्हणजे हॉटेल नवीन गिऱ्हाईक आणून देत होतं आणि दुकान त्याला टिकवत होतं. एका बाजूने सगळं श्रेय द्यायला कुणालाच जागा नव्हती. दुकानाने हॉटेलला महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची असं ठरलं, जाहिरातीचा खर्च समजून. रक्कम वैनीने ठरवली. धाकट्याला कमी वाटली, पण त्याने मान्य केली. ती बरोबर आहे की नाही हे सांगायला सूत्र नाही. दोघांनी सही केली एवढं मला पुरेसं वाटतं.

माझ्या मते इतर कुणी हे करणार असेल तर त्याने दुकान आधी दोन हंगाम चालवावं आणि स्वयंपाकघराला मग हात घालावा. या घरात क्रम तसाच होता. फक्त दुसरा हंगाम पुरा व्हायच्या आत हॉटेल उभं राहिलं आणि दुकानाने जे खरं कमावलं होतं ते डब्यात गेलं.

इमारत

आता ती तिसरी गोष्ट, जी त्यांनी उडवून लावली. हॉटेलची इमारत धाकट्याच्या कर्जातून झाली. ती ज्या दहा गुंठ्यांवर आहे ते आई, दोघे भाऊ आणि बहीण या चौघांचे. धाकट्याने बाकीच्यांना जागेचं भाडं द्यावं, मुदतीचा भाडेकरार नोंदवून घ्यावा, आणि मुदत संपल्यावर इमारतीचं काय हे त्यात लिहावं, असं मी सुचवलं होतं. अण्णा म्हणाला, “भावाभावांत भाडं नको.” धाकटाही म्हणाला, नको. पगाराला आणि चिठ्ठीला तयार झालेली माणसं इथं थांबली. मला वाटतं, मालाचा हिशेब झाला तरी भाऊ राहता येतं, जागेचा हिशेब झाला की वाटणीचा वास येतो, म्हणून.

कर्जाची अजून चार वर्षं बाकी आहेत. धाकट्याने दुसऱ्या हॉलचं पुन्हा काढलंय, लग्नाच्या बोलण्या, वाढदिवस असे कार्यक्रम घेता येतील म्हणून. या वेळी चिठ्ठीचे आकडे घेऊन आला आणि त्याचं गणित पहिल्यापेक्षा बरंच खरं आहे. पण वाढीव कर्जाला संस्था जमिनीचं तारण मागते, आणि तारणाला चौघांच्या सह्या लागतात. अण्णा सही करायला तयार आहे. आई म्हणते, पोरगी जे म्हणेल ते. बहिणीने चंदगडहून निरोप पाठवलाय की आधी भाडेकरार लिहा, मग कागद घेऊन या. दिवाळीला ती माहेरी येईल तेव्हा बसायचं ठरलंय. अण्णाने मात्र तोवर ओढ्याकाठच्या अर्ध्या एकरात बासमती लावली आहे. दुकानातून मागणी आहे, असं वैनीच्या वहीत निघालं म्हणे.